उचल, मजुरी आणि तारण

दसरा होऊन दिवाळी जवळ आली म्हणजे बीड जिल्ह्यातील खेड्यांतल्या मंडळ्यांची उपासना विरळ होऊ लागते. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज, परळी ह्या तालुक्यांतील वाड्यावस्त्यांवरून ट्रक व ट्रॅक्टर भरून माणसे ऊस तोडावयास कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूर ह्या जिल्ह्यांकडे व कित्येक तर कर्नाटकात जातात. मागे उरतात ती म्हातारी माणसे व शाळेसाठी त्यांच्यापाशी ठेवलेली लेकरे. निघणाऱ्यांसाठी पाळक किंवा उपदेशक प्रार्थना करतो. वाटेत राखण व्हावी, विंचूकाट्यापासून रक्षण व्हावे, पोरेबाळे सुखरूप परत यावीत, इतके मागून होते. परंतु ज्या वहीत त्यांच्या नावावर उचल मांडलेली असते, तिच्याविषयी त्या प्रार्थनेत सहसा शब्द निघत नाही. हे मौन योग्य आहे की अयोग्य, ह्याचा विचार आम्हांस येथे करावयाचा आहे.

ह्याविषयी मंडळ्यांत दोन मते आहेत. पहिले असे की, उपदेशकाचे काम आत्म्याच्या तारणाचे आहे. मजुरी, कर्ज व कारखाना ह्या जगाच्या गोष्टी जगाने पाहाव्यात. व्यासपीठावर त्या आणल्या तर सुवार्तेचे राजकारण होईल. दुसरे असे की, ज्या सुवार्तेला गरिबाच्या मजुरीविषयी काही बोलता येत नाही ती गरिबाला कशाची सुवार्ता? पहिल्या मताचे लोक भक्तिहीन नाहीत व दुसऱ्या मताचे लोक सारेच राजकारणी नाहीत, हे आरंभीच सांगितले पाहिजे. कारण असे वाद सुरू झाले की दोन्ही पक्ष एकमेकांच्या विश्वासाविषयीच शंका घेऊ लागतात.

प्रथम वही म्हणजे काय ते पाहू. ज्यांस ठाऊक आहे त्यांनी क्षमा करावी, पण शहरातील वाचकांस हे ठाऊक नसते. बालाघाटाच्या डोंगररांगेवरील जमीन हलकी, पाऊस बेभरवशाचा, व खरिपाचे पीक घरात आले की पुढे रानात काम नाही. तेव्हा पावसाळ्यातच मुकादम येतो व येत्या हंगामाच्या मजुरीपोटी आगाऊ रक्कम देतो. हीच उचल. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो, आणि एका कोयत्यामागे पन्नास हजारांपासून लाख-दीड लाखापर्यंत रक्कम दिली जाते. ती घेणारा आनंदाने घेतो, कारण घरात लग्न असते, आजारपण असते, मागचे देणे असते. मग पाच-सहा महिने टनावर मजुरी लावून ती फेडावयाची. पहाटे काळोखात उठून भाकरी थापावयाच्या, दिवसभर तोडणी करावयाची, मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत चढवावयाच्या, आणि रात्री पाचटाच्या कोपीत निजावयाचे. एक दिवस काम चुकले तर खाडा पडतो, म्हणजे त्या दिवसाची मजुरी तर बुडतेच, वर दंड चढतो. हंगामाच्या शेवटी, कारखान्याचा पट्टा पडला म्हणजे, हिशेब होतो. पुष्कळदा असे निघते की बाकी अंगावर राहिली; आणि ज्याच्या अंगावर बाकी राहिली त्याने पुढील वर्षी त्याच मुकादमाकडे गेले पाहिजे.

ह्या व्यवस्थेतील सर्वांत जड ओझे स्त्रीवर पडते. कोयता दोघांचा, पण उचल पुरुषाच्या नावावर, हिशेब पुरुषाच्या हाती. पाळी असो, गर्भारपण असो, खाडा चुकत नाही. उसाच्या फडात ना आडोसा ना पाणी. ह्याचा परिणाम काय झाला तो २०१९ साली साऱ्या राज्याने पाहिला. विधानपरिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे ह्यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने नेमलेल्या समितीपुढे बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी आली. त्यांपैकी १३,८६१ स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. म्हणजे दर सहा स्त्रियांमागे एक. त्यांत ऐन तारुण्यातल्या स्त्रियाही होत्या. कोणी सल्ला दिला, कोणी भीती घातली, कोणी पैसे घेतले, हे सगळे खरे. परंतु कित्येकींनी खाडा टळावा म्हणूनच हे करून घेतले, हेही तितकेच खरे. ज्या अवयवाने देव मनुष्याला जगात आणतो तो अवयव कामात अडचण म्हणून काढून टाकावा, असे एखाद्या स्त्रीला वाटू लागावे, ह्याहून कठोर साक्ष त्या वहीविरुद्ध दुसरी कोणती हवी?

आता विचारू की हे पाप आहे काय. आणि असल्यास कोणाचे? येथेच विचार अडतो. मुकादमाला विचारावे तर तो म्हणतो, मी स्वतः कारखान्याकडून रक्कम घेतली आहे, माझी जमीन त्यात अडकली आहे, आणि दोन मुकादमांकडून उचल घेऊन पळून जाणारे मजूरही मला भेटतात. हे त्याचे म्हणणे खोटे नाही. कारखान्याला विचारावे तर उत्तर मिळते की आमचा करार तोडणी-वाहतूक करणाऱ्याशी आहे, मजूर आमचे नोकर नव्हेत. ऊस लावणारा शेतकरी म्हणतो, मला माझा ऊस वेळेवर जाण्याशी काम. आणि सकाळी चहात साखर घालणारे तुम्हीआम्ही तर ह्या प्रश्नातच येत नाही. प्रत्येकजण आपल्यापुरता निर्दोष आहे, आणि तरी त्या स्त्रीच्या पोटावर व्रण आहे.

आमच्या उपदेशात पाप हे नेहमी एका माणसाचे असते. दारू प्यालेल्याचे, खोटे बोललेल्याचे, व्यभिचार केलेल्याचे. ते योग्यच आहे. न्यायाच्या दिवशी प्रत्येकाला एकट्याने उभे राहावे लागेल. परंतु ज्या पापाचे शंभर वाटेकरी आहेत, ज्यात प्रत्येकाच्या वाट्याला आलेला तुकडा इतका लहान की त्याला तो दिसतही नाही, अशा पापासाठी आमच्या प्रश्नोत्तरावलीत जागा नाही. शास्त्रात मात्र ती आहे. आमोस संदेष्टा एका माणसाला नव्हे, तर सबंध राष्ट्राला दोष देतो की ते गरिबाला जोड्याच्या मोलाने विकतात. याकोब आपल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात शेत कापणाऱ्यांच्या अडवून ठेवलेल्या मजुरीविषयी लिहितो, आणि ती मजुरीच ओरडते व तिचा आवाज सेनाधीश प्रभूच्या कानी जातो असे सांगतो. कापणारे ओरडतात की नाही हा प्रश्न निराळा. बहुधा ते भीतीने गप्पच असतात. याकोबाने मजुरीला वाचा दिली आहे.

हा दोष आम्हांस बाहेरच्या एका मोठ्या पुरुषाने तोंडावर सांगितलेला आहे. १ जानेवारी १९३८ रोजी सोलापूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर ख्रिस्ती लोकांच्या सभेपुढे बोलले. धर्मांतराची घोषणा येवले येथे १९३५ साली होऊन गेली होती, आणि ते कोणता धर्म स्वीकारतील इकडे सर्वांचे कान लागले होते. ख्रिस्ताविषयी त्यांनी आदराने उद्गार काढले. मिशनांनी शिक्षण व वैद्यकीय मदत ह्यांसाठी केलेला खर्चही त्यांनी नाकारला नाही. परंतु हिंदी ख्रिस्ती लोकांनी समाज म्हणून सामाजिक अन्यायाविरुद्ध कधी लढा दिला नाही, असा त्यांचा आरोप होता. त्यांच्या पश्चात, १९८९ साली महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या लेखनात हा विचार अधिक खोल गेलेला आढळतो. धर्मांतरित अस्पृश्याला पूर्वी सांगितले जाई की तुझी दशा तुझ्या मागील जन्मीच्या कर्माचे फळ. ख्रिस्ती झाल्यावर त्याला सांगितले गेले की ती आदिपित्याच्या पापाचे फळ. दोन्हीकडे दोष त्याच्याच पदरी. ज्या व्यवस्थेने त्याला चिरडले तिच्याकडे बोट दाखवावयास कोणी शिकविले नाही, असा त्या लेखनाचा रोख आहे.

ह्या आरोपाने पुष्कळांस राग येतो. शाळा कोणी काढल्या, कुष्ठरोग्यांच्या जखमा कोणी धुतल्या, दुष्काळात कोणाच्या अंगणात अनाथ पोरे जेवली, असे ते विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण त्यात आरोपाचे उत्तर नाही, कारण आरोप दयेच्या अभावाचा नाहीच. आरोप असा आहे की आम्ही पडलेल्याला उचलले, पण पाडणाऱ्याचा हात धरला नाही. दया आणि न्याय ह्या दोन गोष्टी आहेत. दया करणाऱ्याचे लोक आभार मानतात. न्याय मागणाऱ्याला शत्रू उत्पन्न होतात. म्हणून मंडळ्यांना दया सोपी वाटते.

तथापि तो आरोप संपूर्ण इतिहासाला लागू पडतो असेही नाही. मराठवाड्यातीलच उदाहरण घ्यावयाचे तर नारायण शेषाद्रींचे घेता येईल. जातीने ब्राह्मण, १८४३ साली ख्रिस्ती झाले, व पुढे स्कॉटिश मिशनच्या वतीने निजामाच्या मुलखात जालना येथे त्यांनी काम केले. त्यांनी मांग व महार समाजांतील लोकांस केवळ बाप्तिस्मा देऊन गावाच्या वेशीबाहेर परत पाठविले नाही. जालन्याजवळ बेथेल नावाची वसाहत उभी करून त्यांस वेगळे जगणे दाखविले. ज्याच्या पायाखाली स्वतःची जमीन आहे त्याला पाटलाच्या दारी वेठीस जावे लागत नाही, हे त्यांनी ओळखले होते असे म्हणावे लागते.

दुसरे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. त्यांचे नाव प्रत्येक मंडळीत घेतले जाते, पण ते नेहमी दयेसाठी घेतले जाते. १८८९ चे शारदासदन, दुष्काळातून आणलेल्या मुली, केडगावचे मुक्तिसदन. १८९७ सालची एक गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. पुण्यात प्लेग होता. सरकारने रोग्यांसाठी रुग्णालय व संशयितांसाठी छावणी उघडली होती. तेथे स्त्रियांची कशी आबाळ होते व त्यांच्या अब्रूला कसा धोका आहे, हे रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’ ह्या ख्रिस्ती पत्रात उघड लिहिले. सरकार ख्रिस्ती म्हणविणाऱ्यांचे होते, त्यांचे साहाय्यक व वर्गणीदारही इंग्लंड-अमेरिकेतले ख्रिस्तीच. गप्प बसण्यास ह्याहून अधिक कारणे कोणाला हवीत? सरकारने त्यांचे म्हणणे नाकारले. रमाबाईंनी स्वतःच्या सदनातील मुलींची भाकरी धोक्यात घालून हे लिहिले होते, आणि तरीही त्यांच्या प्रार्थनेत किंवा सुवार्ताप्रसारात खंड पडला नाही. १९०५ साली मुक्तीत जे धार्मिक संजीवन झाले म्हणून जगभर बोलले जाते, ते ह्याच बाईंच्या घरी. तेव्हा जो न्यायाविषयी बोलतो त्याचा आत्मा थंड पडतो, हे म्हणणे निदान महाराष्ट्रात तरी कोणी करू नये.

मग ही फारकत आली कोठून? इंग्लंडात विल्बरफोर्स व त्याचे मित्र हे पक्के सुवार्तावादी होते, आणि गुलामांचा व्यापार १८०७ साली बंद होईपर्यंत त्यांनी वीस वर्षे संसदेत झुंज दिली. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत वॉल्टर राउशेनबुश वगैरे उपदेशकांनी कारखान्यांतील मजुरांची दैना पाहून समाजाच्या उद्धाराची सुवार्ता मांडली. त्यांच्यापैकी कित्येकांनी पाप व प्रायश्चित्त ह्यांविषयी ढिलाई केली असे वाटून दुसरा पक्ष बिथरला, व त्याने तारणाच्या उपदेशाबरोबरच न्यायाच्या गोष्टीलाही संशयाने पाहावयास आरंभ केला. भांडण दूरदेशीचे, पण त्याचे बी आमच्या शेतातही पडले. १९७४ साली स्वित्झर्लंडमधील लोझान येथे जगभरचे सुवार्तावादी ख्रिस्ती जमले. तेथे इक्वेडोरचे रेने पाडिया, पेरूचे सॅम्युएल एस्कोबार ह्यांच्यासारख्या गरीब देशांतून आलेल्या मंडळींनी हा प्रश्न काढला. सुवार्ता सांगणे व समाजात न्यायासाठी झटणे ही दोन्ही ख्रिस्ती माणसाची कर्तव्ये आहेत, आणि ह्या दोहोंना परस्परविरोधी मानले ह्याबद्दल आम्ही पश्चात्ताप करतो, अशा आशयाचे वचन त्या सभेच्या करारनाम्यात आले. आमच्या उपदेशकांपैकी किती जणांनी ते वाचले आहे?

येथे पहिल्या पक्षाचे एक बळकट म्हणणे उभे राहते. ते म्हणतात, माणसाचे अंतःकरण पालटू द्या. अंतःकरण पालटले की अन्याय आपोआप जाईल. आम्हांस हे खरे असावे असे फार वाटते. पण तसे होत नाही. अठराव्या शतकात जॉर्ज व्हाइटफील्डसारखा उपदेशक दुसरा नव्हता. त्याच्या वाणीने उघड्या मैदानात हजारो माणसे रडत, व त्यांची अंतःकरणे पालटत. त्याने अमेरिकेतील जॉर्जिया येथे अनाथ मुलांसाठी एक आश्रम काढला, आणि त्या आश्रमाचा खर्च भागावा म्हणून गुलाम बाळगले. त्या प्रांतात गुलामगिरीला कायद्याची मोकळीक मिळावी म्हणून खटपटही केली. ढोंगी नव्हता तो. प्रार्थना खरी, अनाथांवरील प्रेम खरे, आणि शेतात राबणारा गुलामही खरा. पालटलेल्या अंतःकरणालाही कोणीतरी बोट धरून दाखवावे लागते की, हा पाहा, तुझ्या दयेचा खर्च कोण सोसतो.

आणखी एक आक्षेप असा की, पौलाने दासांस धन्यांच्या आज्ञेत राहावयास सांगितले. सांगितले खरे. पण फिलेमोनाला लिहिलेले पत्र उघडून पाहावे. अनेसिम हा पळालेला दास. पौल त्याला परत पाठवितो, आणि त्याच्यावर काही देणे असेल तर ते माझ्या खाती मांड, मी फेडीन, असे स्वतःच्या हाताने लिहून देतो. म्हणजे प्रेषिताने दासाच्या आत्म्याबरोबर त्याच्या खात्याचीही चौकशी केली. उपदेशकाने वहीकडे पाहू नये असे पौलाचे उदाहरण तरी सांगत नाही.

तिसरा आक्षेप शास्त्राचा नसून पोटाचा आहे, आणि आम्हांस तोच सर्वांत वजनदार वाटतो. उपदेशक स्वतः गरीब. त्याचा भाऊ त्याच मुकादमाच्या टोळीत. प्रार्थनाघराला पत्रे घालावयाचे तर वर्गणी त्याच मुकादमाने दिलेली. तो व्यासपीठावरून बोलला तर टोळीतून ख्रिस्ती घरांची नावे कमी होतील, आणि ती घरे उपदेशकालाच शिव्या देतील. शहरात बसून शौर्याचा उपदेश करणारे हे विसरतात. म्हणून एकट्या उपदेशकाने एका रविवारी गर्जना करावी असे आम्ही म्हणत नाही. पंधरा-वीस घरांनी मिळून एक गोष्ट ठरविणे ह्यात फरक आहे.

ते कसे, हे नहेम्याच्या पाचव्या अध्यायात दिसते. यरुशलेमेचा कोट बांधताना गरीब लोक व त्यांच्या बायका ओरड करू लागल्या की आमची शेते गहाण पडली, धान्यासाठी व राजाच्या करासाठी कर्ज काढले, आणि आता आमची मुलेमुली दास होत आहेत. आणि सावकार परके नव्हेत, आमचेच भाऊबंद. नहेम्याला क्रोध आला. पण त्याने लगेच तोंड उघडले नाही, आधी मनाशी विचार केला. मग सरदारांस दोष दिला, मोठी सभा बोलाविली, आणि तेथे एक गोष्ट कबूल केली, ती अशी की मी, माझे भाऊ व माझे सेवकही त्यांस पैसा व धान्य देत आहोत. आपण सारेच हे व्याज सोडू या, असे त्याचे म्हणणे पडले. शेते, द्राक्षमळे व घरे त्याच दिवशी परत करण्याचे ठरले, आणि याजकांस बोलावून सावकारांकडून शपथ घेतली गेली. येथे याजकांस नेमके काय काम दिले आहे ते उपदेशक बंधूंनी ध्यानात घ्यावे. त्यांनी दान गोळा केले नाही. हिशेबाच्या बोलीला ते साक्षी राहिले.

आमच्याही मंडळ्यांत मुकादम आहेत, निदान उचलीच्या साखळीतील एखादा दुवा आहे. त्यांचे काय करावे? कोणी म्हणतील, त्यांस प्रभुभोजनापासून दूर ठेवा. आम्हांस ते पटत नाही. त्याने मंडळी शुद्ध झाल्यासारखी वाटेल, वही जशीच्या तशी राहील. जक्कयाची गोष्ट लहान मुलांसही पाठ आहे, पण ती उंबराच्या झाडापाशीच संपते अशा रीतीने सांगितली जाते. प्रभू त्याच्या घरी जेवावयास गेला. घरावर बहिष्कार घातला नाही. आणि त्या मेजापाशी उभा राहून जक्कयाने आपली मालमत्ता व लबाडीने घेतलेल्या रकमेची चौपट परतफेड ह्यांविषयी शब्द दिला. ह्या घराला तारण प्राप्त झाले, हे प्रभूने त्या हिशेबानंतर सांगितले आहे, आधी नव्हे. परतफेडीने तारण विकत मिळते असा ह्याचा अर्थ कोणी करू नये. पण ज्या घरात तारण आले त्या घरातील वहीला ते कळल्यावाचून राहत नाही, एवढे खचित.

एका मोहाविषयी येथे इशारा दिला पाहिजे. अन्याय दूर करण्याच्या कामाला गळ करून त्यावर माणसे धरण्याचा तो मोह. बीडमधील तोडणीस जाणारी बहुतेक माणसे आमच्या मंडळीतील नाहीत. ती वंजारी, बंजारा, मराठा, मातंग, बौद्ध अशा नाना समाजांतील आहेत, व पुष्कळशी कधी आमच्या प्रार्थनाघरात येणारही नाहीत. तरी त्यांची मजुरी तितकीच ओरडते. आम्ही स्वतःच्या हक्कासाठी बोलतो हे चांगले आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. पुढे १९५६ साली शीख व १९९० साली बौद्ध त्यांत घेतले गेले. दलित ख्रिस्ती अद्याप बाहेर आहेत, आणि त्यासाठी मंडळ्यांनी मोर्चे काढले, न्यायालयात गेल्या. परंतु जो समाज केवळ आपल्या दाखल्यासाठी रस्त्यावर येतो आणि शेजारच्या वस्तीवरील वंजाऱ्याच्या सुनेच्या खाड्यासाठी येत नाही, त्याला सोलापूरच्या सभेतील आरोपाचे उत्तर अद्याप सापडलेले नाही. आणि आमच्याच मंडळीत महार घराण्यातील ख्रिस्ती मांग घराण्यातील ख्रिस्ती घरी सोयरीक करावयास का कचरतो, हा प्रश्न तर कोणत्याही आदेशाने सुटणारा नाही.

आता करावयाचे काय, असे खेड्यातील उपदेशक विचारील. मोठ्या गोष्टी त्याच्या हाती नाहीत. मजुरीचे दर संघटनांच्या संपांनी व साखर संघाशी झालेल्या वाटाघाटींनी वाढतात. जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढ ठरली ती तशीच. परंतु त्याला वाचता येते, लिहिता येते, आणि रविवारी लोक त्याचे ऐकतात. उचल देतेवेळी किती दिले, कोणत्या दराने फेडावयाचे, खाड्याचा दंड किती, हे दोन प्रतींत लिहून एक प्रत मजुराच्या घरी राहील एवढे त्याने पाहावे. कोयत्यावर दोघांची नावे पडावीत; बायकोचे नाव वहीत आले की तिच्या मजुरीला पहिल्यांदा पाय फुटतात. गावात ग्रामसेवकाकडे ऊसतोड मजुरांची नोंद होते की नाही, शासनाने स्थापिलेल्या गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाचा लाभ कोणाला मिळतो, हे त्याने विचारावे. कोणाला बाकीपायी कोंडून ठेवले किंवा काम सोडून जाऊ दिले नाही, तर वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झालेली आहे, असे कर्जही त्या कायद्याने फिटल्यासारखे होते, आणि तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे करावयाची असते, हे त्याला ठाऊक असावे. प्रत्येक उचल म्हणजे वेठबिगारी असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, आणि अतिशयोक्तीने मजुराचेच नुकसान होते. म्हणून कोठे केवळ कर्ज आहे आणि कोठे कर्जाने माणूसच बांधला गेला आहे, हे घरोघर जाऊन पाहावे लागते. पोटदुखीची तक्रार घेऊन आलेल्या बाईला कोणी पिशवी काढावयास सांगितले, तर उपदेशकाच्या बायकोने तिच्याबरोबर सरकारी रुग्णालयात जाऊन दुसरा सल्ला घ्यावा.

ही कामे बारीक आहेत, आणि त्यांच्या अहवालाला मिशनच्या वार्षिक सभेत टाळ्या पडणार नाहीत. बाप्तिस्म्यांची संख्या लिहावयास कोष्टकात रकाना असतो. फिटलेल्या बाकीला नसतो. तो घालावयास हरकत नाही. पुढील चैत्रात टोळ्या परत येतील, तेव्हा मुकादमाच्या ओसरीवर हिशेब वाचला जाईल. तेथे मजुराच्या बाजूने आपली प्रत हातात घेऊन एकजण बसलेला असावा, आणि तो कोण असावा हे मंडळीच्या पंचांनी ह्याच महिन्यात, ट्रक निघण्यापूर्वी ठरवावे.